चित्र पटलं नाही म्हणून निकाल अडवायचा? बडोद्याचं प्रकरण नागपूरच्या पालकांनी का माहीत करून घ्यावं

नागपूर : चित्रकलेची ग्रेड हा विषय आता गावखेड्यातल्या घरांतही बोलला जातो. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड आली तर दहावीला 7 वाढीव गुण, 'बी' ला 5 आणि 'सी' ला 3. त्यामुळे रामटेकपासून नरखेडपर्यंत पोरं-पोरी रंगाची पेटी घेऊन परीक्षेला बसतात. त्यातलीच काही पुढे नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाही तर बडोद्याला जायचं स्वप्न बघतात.

शाळेच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन एवढंच असतं. नग्न चित्राचा प्रश्नच येत नाही. तो येतो कॉलेजात. तिथे माणसाचं शरीर समोर बघून काढणं हा अभ्यासाचा भाग असतो. मग कधी घरच्यांना धक्का बसतो, कधी बाहेरचे लोक आक्षेप घेतात. अशा वेळी त्या विद्यार्थ्याच्या मार्कांचं काय होतं? याचं सगळ्यात कडू उत्तर बडोद्यात मिळालं आहे.

परीक्षेचं चित्र आणि थेट जेल

बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ मराठी माणसाला परकं नाही. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचे. तिथली ललित कला शाखा देशात नावाजलेली.

मे 2007 मध्ये तिथे वार्षिक परीक्षेसाठी विद्यार्थ्यांनी आपली कामं मांडली होती. हे विक्रीचं प्रदर्शन नव्हतं, परीक्षकांनी बघून गुण द्यावेत म्हणून केलेली मांडणी होती. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून शिकायला आलेला चंद्रमोहन हा पदव्युत्तर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी त्यात होता. 9 मे रोजी एक स्थानिक राजकीय कार्यकर्ता आणि त्याचे साथीदार आत शिरले. चित्रं अश्लील आहेत, धार्मिक भावना दुखावणारी आहेत, अशी त्यांची तक्रार होती. पोलिसांनी चंद्रमोहनला तिथूनच नेलं. जामीन मिळेपर्यंत पाच दिवस तो कोठडीत होता.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. वाद निव्वळ उघड्या अंगाचा नव्हता. चित्रांत देवीचं रूप होतं, ख्रिस्ताचा क्रूस होता. म्हणून हिंदू संघटनांबरोबर ख्रिस्ती मंडळींनीही आक्षेप घेतला होता. ज्यांना वाईट वाटलं त्यांचं वाईट वाटणं खोटं होतं असं म्हणता येत नाही.

पण त्यानंतर जे झालं ते मार्कांच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून भारतीय शिल्प-चित्रपरंपरेतल्या शृंगाराच्या प्रतिमांचं प्रदर्शन लावलं. ते बंद करायला नकार दिला म्हणून प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना विद्यापीठाने निलंबित केलं. आणि चंद्रमोहनचा निकाल अडकला.

तो अडकला तो अडकलाच. वर्षं गेली, पण पदवी हाती आली नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये, म्हणजे जवळपास 11 वर्षांनी, तो विद्यापीठात आला आणि कुलगुरूंच्या कार्यालयात आग लागली. ती त्यानेच लावली या आरोपावरून पोलिसांनी त्याला अटक केली. पदवीसाठी इतकी वर्षं पाठपुरावा केला, कोणी दाद दिली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आग लावणं हा गुन्हाच, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण शिकायला आलेलं पोरगं तिथपर्यंत कसं पोचलं, हा प्रश्न आई-बापांनी विचारायला हवा.

नापास केलं असतं तरी चाललं असतं

या प्रकरणात दोन भांडणं एकमेकांत मिसळली. पहिलं भांडण असं की, चित्र कायद्यात बसतं का? ते पोलीस आणि कोर्टाने बघायचं. दुसरं भांडण असं की, काम किती मार्कांचं आहे? ते परीक्षकाने ठरवायचं. रेखाटन कसं आहे, रचना कशी आहे, माध्यमावर हात किती बसला आहे, विषय मांडता आला का, यावर ते ठरतं.

परीक्षकाला काम कच्चं वाटलं तर त्याने कमी मार्क द्यावेत, नापासही करावं. नापास झालेलं पोरगं पुढच्या वर्षी परत बसतं, नाही तर दुसरी वाट धरतं. पण ज्याचा निकालच लागत नाही तो ना पास ना नापास. त्याला नोकरीचा अर्ज भरता येत नाही, पुढचा प्रवेश घेता येत नाही. शेत गहाण ठेवून मुलाला शिकवणाऱ्या घराला हे नापास होण्यापेक्षा जड जातं.

हे उलट बाजूनेही खरं आहे. नग्न चित्र काढलं म्हणून कोणाला जास्त मार्क मिळण्याचा हक्क नाही. 'माझं स्वातंत्र्य' म्हटल्याने बिघडलेलं रेखाटन सुधारत नाही.

नग्न म्हणजे अश्लील नव्हे

रामटेकच्या शांतिनाथ मंदिरातली मूर्ती दिगंबर आहे. भाविक तिथे हात जोडतात, कोणी नजर खाली घालत नाही. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेवाच्या मंदिरावर शृंगाराची शिल्पं आहेत, म्हणूनच लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला सगळं घर तिथे जातं.

कायद्याचीही वाट तीच आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 292 आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 294, दोन्हींत कला आणि शिक्षणाच्या हितासाठी असलेल्या कामाला सूट आहे. 1954 मध्ये मुंबईत अकबर पदमसी या चित्रकारावर जोडप्याच्या नग्न चित्रांसाठी खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्याच पदमसींची आणि गोव्यात जन्मलेल्या एफ. एन. सूझा यांची सात चित्रं कस्टम विभागाने अश्लील म्हणून अडवून ठेवली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परत करायला लावली. प्रत्येक नग्न चित्र अश्लील ठरत नाही, हे कोर्टाने पुन्हा सांगितलं.

नागपूर जिल्ह्यातलंही उदाहरण आहे. उमरेड तालुक्यातल्या एका रिसॉर्टमधल्या नाचावरून 2023 मध्ये अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो त्याच वर्षी रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणं एवढ्याने अश्लील होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. नाच वेगळा, चित्र वेगळं. पण एखाद्याला पटलं नाही एवढ्यावर गुन्हा बनत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

मात्र 18 वर्षांखालच्या मुला-मुलींचं लैंगिक चित्रण हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तिथे पोक्सोसारखे कडक कायदे आहेत आणि कलेचं नाव सांगून सुटता येत नाही. कॉलेजातला अभ्यास प्रौढ आणि संमती दिलेल्या मॉडेलवरच होतो.

मार्कांवर आक्षेप असेल तर

चित्राच्या विषयामुळे मार्क कमी पडले असं वाटलं तर आधी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा. तोंडी भांडून काही उरत नाही. कोणत्या निकषावर किती गुण दिले, हे अर्जात विचारावं आणि पोचपावती घ्यावी. प्रात्यक्षिकाला बहुतेक विद्यापीठांत पुनर्मूल्यांकन नसतं, म्हणून कामाचे तारखेसह फोटो स्वतःकडे ठेवलेले बरे.

स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार ती असणं बंधनकारक आहे. निकाल वेळेत न लावणं आणि मूल्यमापनात अन्याय होणं, या दोन्ही तक्रारी तिच्याकडे करता येतात. समितीने कामाचे 15 दिवस धरून अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील होतं. पण 'मार्क वाढवून द्या' एवढंच म्हणून तिथे चालत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. 'काम न बघताच निकाल रोखला' ही तशीच गडबड आहे.

चंद्रमोहनच्या वेळी 2007 मध्ये ही अशी वाट नव्हती. आज आहे, पण ती अर्ज केल्यावरच उघडते.

फोटो पुढे पाठवण्याआधी

2007 मध्ये माणसं चालून आली होती. आज एक मोबाइल पुरतो. परीक्षेच्या हॉलमधल्या चित्राचा फोटो, खाली दोन भडक ओळी, आणि गावातल्या ग्रुपवर रातोरात निवाडा. ज्याला खरंच आक्षेप आहे त्याने प्राचार्यांकडे लेखी तक्रार करावी, गरज वाटली तर पोलिसांत जावं. तो त्याचा हक्क आहे. पण मार्क देणं हे काम परीक्षकाचं आहे. जमावाच्या धाकाने त्याने पेन खाली ठेवलं, तर उद्या कोणत्याही गावातल्या, कोणत्याही पोराचा निकाल असाच कपाटात पडून राहू शकतो.