घातक कचऱ्याच्या पावत्या सात, गावाला एकही नाही

दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक एमआयडीसी आहे, तर शिरूर तालुक्यात रांजणगावला घातक औद्योगिक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा सामाईक प्रकल्प. या कचऱ्यासाठी २०१६ चे केंद्रीय नियम लागू आहेत.

नियम काय सांगतात?
• कारखान्यात कचरा साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो.
• कचऱ्याच्या ट्रकसोबत सात रंगांच्या सात प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे पावती लागते.
• वर्षभराचा हिशेब ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा लागतो.

कचरा पुरण्याच्या खड्ड्याला अस्तर असते, झिरपणारे पाणी गोळा करण्याची सोय असते आणि भोवती निरीक्षण विहिरी असतात. अस्तर फाटले तर वरून दिसत नाही. ते कळते या विहिरींच्या पाण्यातून.

अडचण इथेच आहे. पावतीच्या प्रती कारखाना, वाहतूकदार, प्रकल्प आणि मंडळ यांच्यातच फिरतात. शेजारच्या विहिरीवर जनावरे पाजणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही.

म्हणून मंडळाने निरीक्षण विहिरींचे अहवाल पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. पाणी चांगले असेल तर संशय फिटेल. बिघडले असेल तर गावाला वेळीच कळेल.