उद्घाटन नंतर करू, आधी शिक्षक ठरवू

आपल्याकडे एखादे केंद्र काढायचे ठरले की पहिली चर्चा पाहुण्यांची होते. आमदारांना बोलवायचे की नगरसेवकांना, मौलाना साहेबांची दुआ आधी की भाषणे आधी, फलकावर कोणाची नावे येणार. त्यानंतर संगणक किती, खुर्च्या कोणत्या, एसी लावायचा का. शिकवणार कोण, हा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येतो. नवी मुंबईत तरुणांसाठी तंत्रज्ञान शिक्षण केंद्र सुरू करण्यासाठी आम्ही काही जण सध्या बैठका घेत आहोत. त्या निमित्ताने मला जे वाटते ते इथे मांडतो. कारण असे केंद्र काढण्याचा विचार भिवंडीत, मुंब्र्यात, मालेगावातही कोणी ना कोणी करतच असेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे: उद्घाटनाची तारीख सर्वांत शेवटी ठरावी. त्याआधी चार गोष्टी कागदावर पक्क्या असाव्यात. केंद्र कोणासाठी आहे, तिथे काय शिकवले जाईल, शिकवणारे कोण आहेत आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च कुठून येणार आहे.

शहर आपले, गेट त्यांचे

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकेकाळी रासायनिक कारखान्यांच्या रांगा होत्या. आज त्याच पट्ट्यात ऐरोलीचे माइंडस्पेस आहे, महापेचे मिलेनियम बिझनेस पार्क आहे आणि रबाळे-महापे-ऐरोली भागात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहिली आहेत. पनवेलजवळ २०२० मध्ये योट्टाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते, म्हणजे तळोजाचा मुलगा आता बेलापूरला सहज येऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले.

या सगळ्यात आपली मुले नाहीत असे नाही. ती आहेत. पार्सल घेऊन गेटवर येणारा मुलगा आपला आहे. कॅब चालवणारा आपला आहे, एसीचा गॅस भरणारा आपला आहे, वायरिंग करणारा आपला आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि रोज हे पाहतो. कोणतेही काम हलके नसते. पण त्याच इमारतीत आत बसून करण्याचे काम आपल्याला जमू शकते, असे त्या मुलाला कोणी कधी सांगितलेलेच नसते, हे मला खटकते.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवले होते की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के आहे आणि मुस्लिमांमध्ये ते ४ टक्क्यांहूनही कमी आहे. त्यानंतरची एक आकडेवारीही विसरण्यासारखी नाही. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थिसंख्या मात्र वाढली होती. लोकसंख्येत आपण १४ टक्के आहोत आणि त्या वर्षीच्या एकूण नोंदणीत आपला वाटा ४.६ टक्के होता. कोविडमध्ये घरातली एक कमाई थांबली की सर्वांत आधी कोणाचे कॉलेज सुटते, हे या आकड्यांवरून कळते.

जे आहे त्याच्या पलीकडचे

आपण शून्यातून सुरुवात करत नाही. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून काम करते आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दिक संस्थेने १९३६ पासून मुंबईच्या मुस्लिम मुलांना हातात हत्यार धरायला आणि नकाशा वाचायला शिकवले. कित्येक घरांतला पहिला डिप्लोमाधारक तिथूनच बाहेर पडला. आपल्या जवळ, नवीन पनवेलला, अंजुमनचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. अभियांत्रिकी, फार्मसी आणि वास्तुकला तिथे एकाच आवारात शिकवली जाते.

पण कॉलेज त्याच्यासाठी असते ज्याला प्रवेश मिळतो. जो बारावीला गणितात अडकला, ज्याने डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला, जी दहावीनंतर घरी बसली, जो आयटीआय करून आठ तास कामाला जातो, त्यांच्यासाठी काय आहे? एमएस-सीआयटी आहे. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या या कोर्सने महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत माउस पोहोचवला, हे मान्य केले पाहिजे. पण आज अनेक मुलांसाठी तो सरकारी अर्जाला जोडायचा एक कागद उरला आहे. आपले केंद्र त्याची दुसरी शाखा होणार असेल तर ते न काढलेलेच बरे.

दुसऱ्या टोकाला पाटण्याचे रहमानी ३० आहे. मौलाना वली रहमानी यांनी २००८ मध्ये ते सुरू केले. निवडक हुशार मुलांना आयआयटीच्या परीक्षेसाठी तयार करण्याचे ते काम मोठे आहे. पण ते निवडलेल्यांचे काम आहे. आपल्या वस्तीत जो निवडला जाणार नाही त्याचा प्रश्न आहे. म्हणून आपल्या केंद्रात प्रवेश परीक्षा नसावी. येण्याची सवय आणि टिकण्याची तयारी, एवढीच अट असावी.

काय शिकवायचे

इथे मला माझ्या व्यवसायातली एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. “कोडिंग शिका, पॅकेज मिळेल” हे वाक्य आता कोणत्याही फलकावर लिहू नये. नव्या इंजिनिअरला पहिल्या वर्षी जी छोटी कामे मिळत असत, म्हणजे लहान चुका दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, साधी पाने बनवणे, ती आता एआयची साधने मिनिटांत करून देतात. तीन महिन्यांत एक प्रोग्रॅमिंग भाषा शिकवून मुलांना बाजारात सोडले तर आपण त्यांची फसवणूक करू.

मग काय शिकवायचे? जे पायाशी आहे ते. फाइल कुठे साठते, नेटवर्क कसे चालते, फोनवर उघडलेले पान नेमके कुठून येते. लिनक्स वापरता येणे. स्प्रेडशीटमध्ये हिशेब मांडता येणे. संगणकाने चूक दाखवली की घाबरून बंद न करता ती वाचता येणे. एआयने दिलेले उत्तर बरोबर आहे का, हे तपासता येणे. आणि इंग्रजीतला एक परिच्छेद स्वतः वाचून समजून घेणे, ही तर सर्वांत मोठी अडचण आहे.

यासोबत हाताचे कौशल्यही हवे. डेटा सेंटरमध्ये फक्त सर्व्हर नसतात. तिथे चोवीस तास वीज लागते, थंडावा लागतो, केबलिंग लागते, रात्रपाळीला देखरेख करणारा माणूस लागतो. आपल्या वस्तीतला वायरमन आणि एसी मेकॅनिक यांच्याकडे अर्धे ज्ञान आधीच आहे. त्यात नेटवर्किंग आणि थोडे लिनक्स मिळवले तर त्याची वाट बारावी नापास मुलाच्या कोडिंग कोर्सपेक्षा जवळची ठरू शकते. आपल्याकडे आयटी म्हणजे खुर्चीत बसण्याचे काम, असा समज आहे. तो आधी घालवला पाहिजे.

शिकवण्याच्या पद्धतीत केरळकडून घेण्यासारखे आहे. तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, म्हणजे परवान्याचा खर्च वाचला. २०१८ पासून तिथे ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे आयटी क्लब चालतात आणि त्यांतली मुले इतर मुलांना शिकवतात. आपल्यालाही हेच लागेल. पहिल्या बॅचमधल्या पाच जणांनी दुसऱ्या बॅचला शिकवले नाही, तर केंद्र दोन-तीन स्वयंसेवकांच्या खांद्यावर राहील. त्यांची बदली झाली किंवा लग्न झाले की ते बंद पडेल.

वेळ, भाषा आणि मुली

पहिल्या आठवड्यात भरलेली खोली तिसऱ्या महिन्यात अर्धी रिकामी होते, हे ज्याने कुठेही फुकट शिकवले आहे त्याला ठाऊक आहे. मुले आळशी असतात म्हणून हे होत नाही. शिफ्ट बदलते, गावी जावे लागते, परीक्षा येते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच वेळी असतात. अशा दिवसांत संध्याकाळची बॅच टिकणार नाही. म्हणून सुरुवात जूनमध्ये करावी, रमजानपूर्वी एक टप्पा पूर्ण करावा आणि कामाला जाणाऱ्यांसाठी रविवार सकाळ राखून ठेवावी.

मुलींच्या बाबतीत आपण फार भाषणे करतो. आई-वडील विचारतात ते प्रश्न मात्र साधे असतात. शिकवणारी बाई आहे का? स्वच्छतागृह आहे का? कितीला सुटणार? रस्त्यावर दिवे आहेत का? या चारांची उत्तरे हो असतील तर मुली येतील. नसतील तर “बेटी पढाओ”चे कितीही फलक लावा. दुपारी दोन ते साडेचारची बॅच, एक शिक्षिका आणि पालकांना कधीही येऊन बसण्याची मोकळीक, एवढ्याने बराच फरक पडेल.

भाषेचा प्रश्नही टाळू नये. नवी मुंबईत कोकणी मुसलमानाच्या घरात मराठीच्या जवळची बोली आहे, उत्तर प्रदेशातून आलेल्याच्या घरात हिंदी-उर्दू आहे, मराठवाड्याच्या घरात दखनी आहे. उर्दू माध्यमाचा मुलगा अकरावीत एकदम इंग्रजीत जाऊन पडतो. समजावणे त्याच्या भाषेत व्हावे, शब्द इंग्रजीतले असावेत आणि मराठी टायपिंग व मराठीत अर्ज लिहिणे सर्वांना सक्तीचे असावे. महापालिका, पोलीस भरती, एमपीएससी, तहसील कार्यालय या सगळ्यांचे दार मराठीत उघडते. ती भाषा आपलीही आहे.

पैसा: जकात कुठे, सदका कुठे

“जकात जमवू आणि केंद्र चालवू” हे बोलायला सोपे आहे. पण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीने जकातीचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत. आपल्या भागातील बहुतेक आलिम, हनफी असोत की शाफई, जकात पात्र व्यक्तीच्या मालकीची करून द्यावी असेच सांगतात. गाळ्याचे भाडे, लाइट बिल, शिक्षकाचा पगार यांवर ती थेट खर्च करता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वह्या असाव्यात. गरीब आणि पात्र मुलाची फी, त्याच्या मालकीचा जुना लॅपटॉप, त्याचा प्रवासखर्च हे जकातीतून. भाडे, वीज आणि पगार हे सदका व देणग्यांतून. दोन्ही हिशेब दर तीन महिन्यांनी भिंतीवर लावावेत. ज्या केंद्राचा हिशेब भिंतीवर असतो त्याला दुसऱ्यांदा पैसे मागायला लाज वाटत नाही.

या दोन वह्यांमुळे आणखी एक प्रश्न सुटतो. शेजारची बौद्ध, आगरी किंवा कातकरी वस्तीतली मुलगी आली तर? तिला त्याच रांगेत बसवावे. जकातीचा पैसा त्याच्या अटीने जाईल, वर्गाचे दार मात्र सर्वांना उघडे राहील. आमच्यातले काही मित्र म्हणतात की आपल्याच मुलांना जागा पुरत नाही. हा आक्षेप खोटा नाही. तरी मला वाटते, आपली मुले पुढे ज्या कार्यालयात बसणार आहेत तिथे सगळे एकत्र असतील, तर ती सवय इथेच लागलेली बरी. शिवाय घर भाड्याने मिळत नाही म्हणून आपण तक्रार करतो. मग आपण स्वतः दार कोणासाठी उघडतो, हेही लोक पाहणारच.

नोकरीपलीकडचा उपयोग

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. कायद्याबद्दल आपली मते काहीही असोत, कागद अपलोड करायचेच होते. जुन्या दर्ग्याचा, कब्रस्तानाचा, मशिदीचा मुतवल्ली हातात पिवळे पडलेले कागद घेऊन सायबर कॅफे शोधत होता, तेव्हा वस्तीत स्कॅन करून फॉर्म भरून देणारी चार मुले असणे किती मोलाचे होते! शिष्यवृत्तीचा अर्ज, मतदार यादीतले नाव, जन्मदाखल्यातली दुरुस्ती, सातबारा, सगळे आता पडद्यावर आहे. ज्याला पडदा वाचता येत नाही त्याचा हक्क दलालाच्या खिशातून जातो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून द्यावेत, हा अभ्यासक्रमाचाच भाग असावा. पंचवीस वर्षांचा मुलगा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खालाचा पेन्शनचा अर्ज बरोबर भरतो, तेव्हा त्याला आपल्या शिक्षणाचा अर्थ कळतो.

तेव्हा वाचकांकडे, विशेषतः माझ्यासारख्या नोकरदार इंजिनिअरांकडे, मागणे एवढेच आहे. जुना लॅपटॉप देणारे पुष्कळ मिळतात आणि त्यांचे आभारच आहेत. आम्हाला हवे आहेत आठवड्याचे दोन तास, सलग सहा महिने, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. असे दहा जण ठरले, त्यात किमान तीन महिला असल्या आणि दोन वर्षांच्या भाड्याची सोय झाली, की खोली घेऊ. मुले आली आणि तिसऱ्या महिन्यातही येत राहिली, की मग पाहुण्यांना बोलावू. फीत तेव्हा कापू, आणि ती पहिल्या बॅचमधली एखादी मुलगी कापेल, इन्शाअल्लाह.