सण कुणाचा, दमणूक कुणाची?

मैत्रिणींनो, गौरी-गणपती झाल्यावर कुणी विचारलं, "सण कसा झाला?" तर आपण काय सांगतो? "छान झाला हो!" आणि तिथेच मटकन बसतो. ते खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं. सोसणं, निभावणं, तग धरणं, असे शब्द आपल्याकडे पुष्कळ. पण ते सोसणारीबद्दल बोलतात. तिच्या डोक्यावरच्या ओझ्याला नाव कुठे आहे?

एका बाईंनी ते दिलंय. सुझेट हेडन एल्गिन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, पाच मुलांची आई. बायकांचे अनुभव नेमके सांगता यावेत म्हणून 1982 साली त्यांनी 'लाआदन' नावाची भाषाच रचली! तिच्यात सणाला म्हणतात 'दीइदिन' (कानाला अगदी आपल्यातलाच वाटतो, नाही?). त्याला नकाराचा 'रा' जोडला की 'रादीइदिन'. म्हणजे नावाला सण, पण कामाचा बोजा एवढा की तो दिवस येऊच नये वाटावं. त्यातून पाहुणे ढीगभर आणि हात लावायला कुणी नाही, मग तर विचारूच नका. सासूबाईंना हा शब्द सांगितला, तर वाती वळता वळता म्हणाल्या, "चाळीस वर्षं उशिरा सांगितलास गं."

आणखी एक गंमत. या भाषेत वाक्याच्या शेवटी, आपल्याला ही गोष्ट कशी कळली तेही सांगायचं. 'वा' म्हटलं की ती स्वतः अनुभवलेली. म्हणजे "तुला उगीच तसं वाटतं" म्हणायची सोयच नाही!

भाषा मात्र चालली नाही. एल्गिनबाईंनी दहा वर्षं वाट पाहिली, बायकांनी ती फारशी उचलली नाही. नवल नाही. नवी भाषा शिकायला दुपारी सवड कुणाला आहे?

पण शब्द एखादा उचलायला काय हरकत आहे? दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सगळी कामं कागदावर मांडा. भाजण्या, डबे, पडदे, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं. रात्री जेवताना वाचून दाखवा. "जरा मदत करा" असं मोघम म्हणू नका, कामापुढे नाव घाला. मुलगा बारा वर्षांचा असेल तर माळे तो झाडील, यजमान चकल्यांचा सोऱ्या फिरवतील. आणि वन्सं पदर खोचून आत आल्या, तर "तुम्ही बसा हो" म्हणू नका. पोळपाट पुढे करा.