शनिवारी फोन बंद आणि प्रार्थनेला दहावा माणूस

आपल्या सदरात आज ज्यू धर्म. ओळखीत कुणी ज्यू असेल तर त्यांना विचारावेसे वाटणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. शनिवारी तुम्ही लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही, हे खरं का? चीजबर्गर का चालत नाही? येशूला मानता का? आणि आम्हाला ज्यू व्हायचं असेल तर?

येशूचं आधी सांगून टाकते, कारण उत्तर लहान आहे. नाही. येशू जन्माने ज्यू होता, पण ज्यू लोक त्याला मसीहा मानत नाहीत. त्यांच्या मते मसीहा अजून यायचा आहे. देव एकच, त्याला रूप नाही, त्याची मूर्ती नाही आणि त्याने मोशेमार्फत तोरा दिली, हा श्रद्धेचा गाभा. मेल्यानंतर काय होतं, स्वर्ग कसा असतो, याबद्दल मात्र ज्यूंमध्येच इतकी मतं आहेत की एक उत्तर मिळत नाही. आणि त्याचं त्यांना फारसं ओझंही वाटत नाही. ‘तू काय मानतोस’ यापेक्षा ‘तू काय करतोस’ हा प्रश्न तिथे मोठा. ज्या घरात सोवळं-ओवळं आणि चतुर्थीचा उपास जवळून पाहिला आहे, तिथल्या माणसाला हे लगेच कळेल.

तर शनिवार.

ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडं आधी, बहुतेक ठिकाणी १८ मिनिटं आधी, घरातली बाई दिवे लावते. त्यानंतर काम बंद. काम म्हणजे काय, याची जुन्या पंडितांनी यादी केली आहे. त्यात ३९ प्रकार आहेत: पेरणं, दळणं, शिवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं, विस्तव विझवणं वगैरे. या यादीत विजेचं नाव असणं शक्यच नव्हतं. मग बल्ब आला तेव्हा प्रश्न पडला की हा विस्तव आहे का? जुन्या बल्बची तार लाल होते, तिला विस्तव म्हणता येईल. पण ट्यूबलाइटचं काय? एलईडीचं काय? काही पंडितांनी म्हटलं की सर्किट पूर्ण करणं म्हणजे एक प्रकारचं बांधकामच, आणि बांधकामही यादीत आहे. कारणांवर आजही वाद आहे. पण सनातनी ज्यूंपुरता निकाल ठरलेला आहे: बटण दाबायचं नाही. म्हणून फोन नाही, टीव्ही नाही, गाडी नाही, पैशांचा व्यवहार नाही.

यातून इस्राएलमध्ये शब्बाथची लिफ्ट निघाली. ती आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, कुणी काही दाबायचं नाही. दिव्यांना टायमर लावतात. जेवण शुक्रवारीच शिजवून गरम राहील अशी सोय करतात. काही कंपन्यांच्या फ्रिज आणि ओव्हनमध्ये शब्बाथसाठी वेगळं सेटिंग असतं. फ्रिजचं दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही पळवाट वाटते. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दिवसभर कुणाला मेसेज नाही, काही विकत घेणं नाही, कुठे पोहोचायची घाई नाही, घरचे सगळे एका टेबलाशी. ही मूळ गोष्ट त्या टायमरमुळे मोडत नाही, उलट टिकते. (हे वाक्य लिहिताना माझा फोन दोनदा वाजला, ते सोडा.)

शेजाऱ्याला सांगून दिवा लावून घेता येतो का? सरळ सांगणंही नियमात बसत नाही. ‘वहिनी, आमच्याकडे फार अंधार झालाय हो’ एवढं म्हणता येतं की नाही, यावरसुद्धा पानंच्या पानं चर्चा झाली आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. जिवाचा प्रश्न आला की शब्बाथ बाजूला. छातीत दुखतंय, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, मूल तापाने फणफणलंय, तर फोन करायचा, गाडी काढायची, डॉक्टरने कामावर जायचं. ही सवलत नाही, तसं करणं हे कर्तव्य आहे. उपासालाही हेच लागू. योम किप्पूरचा उपास जवळपास २५ तासांचा आणि पाण्याशिवाय असतो. पण डॉक्टर खायला सांगत असतील तर खायचं.

सगळे ज्यू इतकं कडक पाळतात का? नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्ममंडळाने १९५० साली शब्बाथला गाडीने सिनेगॉगमध्ये यायला परवानगी दिली. रिफॉर्म पंथाने त्याच्याही पुढे जाऊन बऱ्याच गोष्टी ज्याच्या त्याच्यावर सोडल्या. आणि अनेक घरं अशी की शुक्रवारी दिवे लावतात, प्रार्थना म्हणतात, शनिवारी मात्र ऑफिसला जातात.

शनिवार पाळण्याशी आपल्या मराठीचं जुनं नातं आहे. कोकणात, अलिबागच्या आसपासच्या गावांत, बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू शेकडो वर्षं राहत आले. त्यांचा धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. पूर्वज गलबत फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले. प्रार्थनांतली ‘शमा’ ही एक तेवढी तोंडपाठ राहिली. सणांची हिब्रू नावं विसरली गेली आणि त्यांच्या जागी मराठी आली: नव्याचा सण, बिरड्याचा रोजा. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. दिवेकरांपैकीच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि लोकलचं मशीद बंदर स्टेशन या मशिदीच्या नावाने ओळखलं जातं असं सांगतात.

आता स्वयंपाकघर. कोशेर म्हणजे खायला योग्य. जमिनीवरचं जनावर रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुरांचं हवं, म्हणजे बकरी-मेंढी चालते, डुक्कर नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यामुळे सुरमई, बांगडा चालतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं नाही. कोकणात राहून कोळंबी न खाणं म्हणजे काय असतं ते कोकणातल्या माणसाला विचारा! सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, तेव्हा हे लोक खरंच ज्यू आहेत का हे पाहायला त्याने तिथल्या बायकांना वेगवेगळे मासे दिले. बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. पुस्तकं गेली, भाषा गेली, पण मासे निवडणाऱ्या हातांना नियम माहीत होता. ही गोष्ट दंतकथा असेल, तरी मला ती फार आवडते.

चीजबर्गरचं उत्तर याच्या पुढचं. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी तोरात आज्ञा आहे. त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात घ्यायचं नाही असा नियम झाला. कडक घरांत भांडीसुद्धा दोन वेगवेगळी, आणि मटण खाल्ल्यावर चहा प्यायचा तर काही तास थांबायचं. बटर चिकन बाद. पण बेने इस्राएल बायकांनी यावर जो तोडगा काढला तो अस्सल कोकणी आहे: नारळाचं दूध. मटणाच्या रश्शाला तेच, आणि नव्या वर्षाच्या गोड हलव्यालाही तेच. परदेशात ज्यू घरांत गाईच्या दुधाऐवजी चालतील असे पदार्थ शोधले जातात, इकडे ते परसात झाडाला लटकत होते.

अडचण वेगळीच आहे. कोशेर मांसासाठी जनावर ठरावीक पद्धतीने कापणारा शिकलेला माणूस लागतो. भारतात तो गावोगाव नाही. म्हणून प्रवासात किंवा लहान शहरात बरेच ज्यू सरळ शाकाहारी जेवतात. तुमच्याकडे कुणी ज्यू पाहुणे यायचे असतील तर ‘काय चालतं’ हे आधी विचारा. भाजी-पोळी, वरण-भात, पोहे यांवर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

ज्यू कोण, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे आणि आतून फार दुखरा. सनातनी नियमाप्रमाणे आई ज्यू तर मूल ज्यू. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ साली ठरवलं की फक्त वडील ज्यू असले आणि मूल ज्यू म्हणून वाढवलं तरी चालेल. म्हणजे एकच मुलगी एका सिनेगॉगमध्ये ज्यू आणि दुसऱ्यात नाही. बाहेरच्याला ज्यू होता येतं, पण धर्मप्रचार करून माणसं ओढायची पद्धत नाही. उलट विचारायला आलेल्याला रब्बीने आधी परतवायचं, अशी जुनी रीत आहे. टिकला तर अभ्यास, परीक्षा, विधी.

या प्रश्नाचे चटके आपल्या मराठी ज्यूंनी सोसले आहेत. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काळात बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत धर्मपीठाने भूमिका घेतली की यांनी इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी त्यांच्या आई-आजींच्या वंशाची चौकशी व्हावी. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना त्यांच्याच देशात विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू ना? लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत हे मान्य झालं. आज इस्राएलमध्ये मराठी बोलणारी घरं आहेत आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

जे इथे राहिले त्यांच्यापुढे आता दुसराच प्रश्न आहे, आणि तो मोजणीचा आहे. सगळ्या भारतात मिळून ज्यू चार-पाच हजारांच्या आसपास. ज्यू माणूस एकटा प्रार्थना करू शकतो, पण काही प्रार्थना एकट्याने म्हणताच येत नाहीत. त्यांना मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा जण. यातली एक प्रार्थना कद्दिश. आई किंवा वडील गेले की मुलगा अकरा महिने कद्दिश म्हणतो. गंमत म्हणजे तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती म्हणायला दहा जण हवेत, ‘आमेन’ म्हणणारे. दुःखात असलेल्या माणसाला घरात एकटं बसू द्यायचं नाही, लोकांत आणायचं, असा यामागचा अर्थ काही जण लावतात. मला तो पटतो.

पण नऊच जमले तर? कुणी दिल्लीत असतं, कुणी अहमदाबादला, मुलं तेल अवीवला. मग फोनाफोनी होते, दहावा माणूस शोधला जातो, कधी प्रवासी पाहुणाच दहावा निघतो. दहांत बायका मोजायच्या का? सनातनी म्हणतात नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ साली हो म्हटलं. दिल्लीतल्या हुमायून रोडवरच्या छोट्याशा सिनेगॉगमध्येही बायका मोजल्या जातात. व्हिडिओ कॉलवरचे दहा चालतात का? कोविडच्या काळात हा प्रश्न जगभर एकदम उभा राहिला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने आणीबाणी म्हणून परवानगी दिली. सनातनी बहुतेक म्हणाले, दहा जण एका जागीच हवेत. आठवडाभर फोनला नावं ठेवणारे आणि फोनवरच अवलंबून असणारे, दोघांचीही यात पंचाईत.

आपण ज्यू नसू तर आपल्याला दहावं होता येत नाही. पण ओळखीच्या ज्यू घरी कुणी गेलं तर सात दिवस घरचे बाहेर पडत नाहीत, त्याला शिवा म्हणतात. त्या दिवसांत भेटायला जरूर जा. बोलायला आधी सुरुवात करू नका, घरच्यांना बोलू द्या. फुलांचे हार नेऊ नका. जेवण नेलं तर चालतं, पण आधी विचारून. पुढे कधी कबरीवर गेलात तर तिथे लहान लहान दगड ठेवलेले दिसतील. आसपासचा एक दगड उचलून तुम्हीही ठेवू शकता. कुणीतरी येऊन गेलं, एवढं त्यावरून पुढच्या माणसाला कळतं.