ओढ्याचंही नाव लिहा

आमच्या भूम तालुक्यात पडलेला पाऊस दोन वाटा धरतो. उत्तरेकडचं पाणी मांजरेला मिळून गोदावरीत जातं. दक्षिणेकडचं आणि पश्चिमेकडचं सीनेवाटे भीमेत, तिथून कृष्णेत. शेवटी दोन्ही बंगालच्या उपसागरातच, पण एकाच तालुक्याचं पाणी दोन मोठ्या नद्या वाटून घेतात. बालाघाटच्या माथ्यावर राहण्याचा हा मान ईटसारख्या गावात राहून मला शाळेत कुणी सांगितला नाही.

मांजरेचा उगम पाटोदा तालुक्यात, गवळवाडीजवळ. बीड आणि धाराशिवची हद्द आखत ती येते तेव्हा लहानच असते. पुढं धनेगावचं धरण, लातूरची तहान, बीदर, तेलंगणातलं निजामसागर, आणि ७२४ किलोमीटर चालून कंदकुर्तीपाशी गोदावरी. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा देशभर चर्चा झाली, ती मांजरा आटली म्हणून. वाहत होती तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. जुन्या लोकांची ती वांजरा, तेलंगणात मंजीरा. तिकडं नावात पैंजण ऐकू येतात, आपल्या पोरांना मांजर.

ही नदी एके काळी रस्ताही होती. हत्ती, घोडे, बैल घेऊन चाललेल्या फौजेला पाण्याचा काठ सोडता येत नाही. मार्च १७९५ मध्ये निजाम अलीची फौज मांजरेच्या काठानं आली, मोहरीचा घाट उतरली आणि खर्ड्याला मराठ्यांकडून हरली. खर्डा आम्हाला शेजारचं, त्यामुळं ही लढाई अजून पारावर चालू असते. पण नदीचं नाव त्या गप्पांत कुणी घेत नाही.

मांजरेचं एक वेळ ठीक, नकाशात ती आहे. आमच्या धाकट्या नद्यांची नावं पाहा. भूमला बाणगंगा, तालुक्यातच रामगंगा, माणकेश्वरच्या शिवमंदिराजवळ विश्वरूपा. पावसाळा संपला की धार तुटणारी नदी, आणि नाव थेट गीतेच्या अकराव्या अध्यायाला शोभणारं! मला यात बडेजाव दिसत नाही. काशीला जाणं ज्यांना कधी जमणार नव्हतं त्यांनी गंगा घरी आणली. बाणगंगा फलटणलाही आहे आणि मुंबईत वाळकेश्वरलाही. वाळकेश्वरची कथा रामाच्या बाणाचीच. येडशीच्या रामलिंगला तोच बाण जटायूच्या तहानेसाठी सुटतो. कोरडवाहू मुलखात देवाचा पराक्रम मोजायचा तो पाणी काढण्यावरून, हे मला फार पटतं.

त्याखालच्या ओढ्यांना तर कागदावर नावच नाही. वरच्या गावात एक नाव, खालच्या गावात दुसरं. कधी वडावरून, कधी म्हसोबावरून, कधी ज्याची जमीन काठाला त्याच्या आडनावावरून. खरेदीखताच्या चतु:सीमेत मात्र सरसकट ‘पूर्वेस नाला’. नाला म्हटलं की काठ नांगरात घ्यायला हात कचरत नाही. रामगंगेचा काठ पोखरताना माणूस निदान इकडंतिकडं बघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात पाण्यानं जमिनी खरडून नेल्या. त्यात आभाळाचा दोष मोठा, पण पात्र अरुंद करून ठेवणाऱ्या आपलाही आहे.

जिल्ह्याच्या नावावरून आपण किती वर्षं भांडलो! सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावानं झालेलं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यात मी कुणाची बाजू घेत नाही. पण त्यातला शंभरावा भाग जोर गावच्या ओढ्यासाठी लावायला हरकत नाही. त्याला न्यायालय लागत नाही, केंद्राची मंजुरी लागत नाही.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवा, आपल्या ओढ्याला कुठल्या वळणावर काय म्हणतात ते विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. दोन नावं निघाली तर दोन्ही लिहा. मग पुलाच्या कठड्यावर रंगानं ते नाव घाला. रंगाचा एक डबा पुरेल.