पाहुण्यांचा गाव

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की घरोघरी नाताळच्या सुटीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर, गोवा ही नेहमीची नावे आहेतच. यंदा त्यांत एक वेगळे नाव घालून पाहा : खीचन.

राजस्थानात, जोधपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, फलोदीजवळ हे गाव आहे. लोक येथे दुरून येतात ते करकोचे पाहायला. मंगोलियासारख्या दूरच्या मुलखातून, हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे राखी अंगाचे, काळ्या गळ्याचे, डोळ्यामागे पांढरा तुरा मिरवणारे. तिकडे त्यांना 'कुरजां' म्हणतात. सप्टेंबरच्या सुमारास ते येऊ लागतात आणि मार्चपर्यंत परततात; भर हिवाळ्यात तर हजारोंनी असतात.

एवढ्या पाहुण्यांना जेवू कोण घालते? गावच! 1970 च्या दशकात रतनलाल मालू हे गृहस्थ रोज कबुतरांसाठी दाणे टाकू लागले. त्या दाण्यांवर थोड्या कुरजां उतरल्या. पुढच्या हिवाळ्यांत त्यांची संख्या वाढत गेली. कुत्र्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून कुंपण घातलेले 'चुग्गाघर' उभे राहिले. चुग्गा म्हणजे पाखरांचा दाणा. आदल्या रात्री तेथे ज्वारीची पोती रिती होतात आणि सकाळी थव्यामागून थवे उतरतात.

राजस्थानी लोकगीतांत परदेशी गेलेल्या धन्याला निरोप धाडण्यासाठी बायका कुरजांनाच विनवतात. खीचनमधल्या कितीतरी व्यापारी कुटुंबांनीही दूरची शहरे गाठली, हवेल्यांना कुलपे लागली. पण दाण्यासाठी पैसे मात्र गावी येत राहिले. निरोप पोचला म्हणायचा!

पैसे मनीऑर्डरने धाडता येतात हो, पण पोते उचलायला रोज रात्री माणूस लागतो. विजेच्या तारेवर आपटून पाखरू जखमी झाले, तर त्याला उचलून आणणारे हात लागतात. जून 2025 मध्ये खीचनला 'रामसर' पाणथळ क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. गावाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण उद्याचे पोते कौतुकाने भरत नाही. उद्याची पिढी ते उचलील का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून जाल तेव्हा पाहुण्यांचे पाहुणे होऊन जा. अंगावर स्वेटर चढवून उजाडण्यापूर्वी पोचा, कुंपणापासून दूर राहा, आवाज करू नका. दुपारी तळ्याकाठी हेच थवे पुन्हा दिसतील. निघताना दाण्यासाठी काही द्यावेसे वाटले, तर ते मुलांच्या हातून द्या.

आणि घरी परतल्यावर मुलांनी चिमण्यांसाठी गच्चीत पाण्याचे भांडे ठेवण्याचा हट्ट धरला, तर खुशाल ठेवू द्या. मात्र ते रोज भरायचे काम आईच्या गळ्यात पडणार नाही, एवढे आधी ठरवून घ्या.