‘तहहयात’ म्हणजे कुणाची हयात?

‘लाइफटाइम अपडेट्स’मधलं लाइफ नक्की कुणाचं, हे पैसे भरताना कुणी विचारत नाही. २०१६ साली केकवॉक कंपनीने ‘सोनार’ हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हीच ऑफर दिली होती: एकदाच पैसे भरा, पुढची अपडेट्स कायमची फुकट. नोव्हेंबर २०१७मध्ये केकवॉकची मालक असलेल्या गिब्सनने, म्हणजे त्या गिटारवाल्या गिब्सननेच, केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. हयात सरली ती सॉफ्टवेअरची. वापरणारे ठणठणीत होते.

हे काही एकटंदुकटं प्रकरण नाही. १९९८मध्ये याच गिब्सनने ओपकोड विकत घेतली, आणि तिचं ‘स्टुडिओ व्हिजन’ लवकरच थंडावलं. २००२मध्ये ॲपलने एमॅजिक घेतली आणि ‘लॉजिक’ची विंडोज आवृत्ती बंद केली.

यावर शहाजोग सल्ला ठरलेला: “दुसरं घ्या की! अवजारच तर आहे.”

नाही. पेटी बनवणाऱ्याने दुकान बंद केलं म्हणून घरातली पेटी मुकी होत नाही. स्पूल दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही वाजायची. इथे मात्र आमचं काम त्या कंपनीच्याच फाइलमध्ये कोंडलेलं असतं. आवाज ‘वेव्ह’ फाइल करून बाहेर नेता येतो, हे खरं. पण तान कुठे कापली, तबला कोणत्या ओळीला किती खाली आणला, घुमारा किती दिला, हे सगळे निर्णय मागेच राहतात. आमटीतलं मीठ नंतर वेगळं काढता येत नाही. माझ्यासारखे घरच्या एका खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करणारे लोक वर्षानुवर्षं हे निर्णयच साठवत असतात.

“पण केकवॉक वाचलं ना?” वाचलं. फेब्रुवारी २०१८मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं आणि काही आठवड्यांत फुकट उपलब्ध केलं. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण खरेदीदार मिळाला हे नशीब झालं, हक्क नव्हे. २०२३मध्ये ती फुकट आवृत्तीही पुढे बंद होईल, असं बँडलॅबनेच सांगितलं.

कंपनीने तोट्यात धंदा करावा, असं माझं म्हणणं नाही. दुकान खुशाल बंद करा, पण जाताना आमच्या घराची किल्ली देऊन जा. सर्व्हरला विचारल्याशिवाय न उघडणारं कुलूप शेवटच्या आवृत्तीतून काढून टाका. फाइलची रचना जाहीर करा, म्हणजे दुसरा कुणी ती वाचू शकेल. हे अशक्य नाही: २०२३मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी ‘डॉप्रोजेक्ट’ हा खुला फाइल-नमुना याचसाठी आणला.

आणि हे नुसत्या सदिच्छेवर सोडू नये, विक्रीच्या करारातच लिहून घ्यावं. ज्यांना ते लिहून द्यायचं नाही, त्यांनी ‘लाइफटाइम’ हा शब्द वापरायचा नाही.